दारापुढची मेढ

तळेगाव दाभाड्याच्या जुन्या गावठाणात निवृत्ती मांडववाल्याचं घर कुणीही दाखवतं. भिंतीला पहार टेकवलेली दिसली की तेच घर. ही पहार त्याच्या बापाची, गेणूआबांची. हात धरायची जागा घामानं गुळगुळीत झालेली, खालचं टोक लोहाराकडून कितीदा शेवटून, म्हणजे ठोकून टोकदार करून, आणलं त्याची गणती नाही. हल्ली ती दिवसचे दिवस भिंतीलाच टेकून असते. निवृत्ती मात्र सकाळी उठला की आधी तिच्याकडे बघतो, मग चहाकडे.

मांडव म्हटलं की लोकांना वर ताणलेलं कापड दिसतं, झालरी दिसतात, मधोमध लटकणारं झुंबर दिसतं. खालचं बघायला कुणाला सवड असते? निवृत्तीला मात्र आधी खालचंच दिसायचं. स्टेशनच्या अंगाला मुरूम, पहार मारली की खणखणणारा. पवनेकडे गेलं की काळी माती, ओली असली तर खांब गिळून बसणारी. उर्श्याच्या बाजूला वीतभर उकरलं की कातळ, तिथं खांब रोवायचा म्हणजे घाम काढणारं काम. गेणूआबा म्हणायचे, "पहारंचा आवाज ऐक. खाली काय हाय ते ती सोताच सांगती." आणि सांगायचीच. त्या काळी खाली होतं तरी काय? माती, मुरूम, कातळ, फार तर एखादं मूळ. माणसानं हवी तिथं पहार मारावी, जमीन मुकाट्यानं जागा द्यायची. तसे दिवस आता परत येणार नाहीत, हे निवृत्तीला कळतं. पण आठवण आली की जीव हळहळतोच.

बायकोसुद्धा त्याला पहारेनंच मिळवून दिली. तिकोणा पेठेत एका लग्नाचा मांडव घालायला गेला होता. ऐन जवानीत होता, मिशीला नुकता पीळ द्यायला शिकलेला. दोरी धरून, माप घेऊन, त्यानं पहार उचलली, तोच परड्यातून एक पोरगी पदर खोचून आली.

"ओ मांडववाले! तितं न्हाई. हितं घ्या खड्डा. तितं माजी मेथी हाय."

निवृत्ती म्हणाला, "मेथीपायी मांडव वाकडा व्हईल."

"व्हऊ द्या. लगीन वाकडं व्हत न्हाई त्येनं."

त्यानं खांब हातभर सरकवला. मांडव वाकडा झाला, गेणूआबांनी चारचौघांत आईबहीण काढली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मेथीवाली चंपा त्याच्या घरात सून म्हणून आली. तेव्हापासून खड्डा कुठं घ्यायचा हे चंपानं सांगायचं आणि निवृत्तीनं आधी नाही म्हणून मग तिथंच घ्यायचा, असा संसार झाला. झकास झाला.

त्यांच्या लग्नाची मेढ जिथं उभी राहिली तो खड्डा दारापुढं अजून आहे. लग्नाच्या आधी घरापुढं मुहूर्तमेढ रोवतात, म्हणजे मांडवाचा पहिला खांब. उंबराची फांदी, तिला आंब्याचे डहाळे, पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारी बांधलेली. दुसऱ्यांच्या दारात गेणूआबा पाहिजे तिथं मेढ रोवत, पण स्वतःच्या दारात त्यांनी कायमची जागा केली होती. चार बाजूंना चार घडीव दगड, मध्ये खड्डा, वर झाकणाला फरशी. लग्न उरकलं की मेढ काढायची, खड्डा भुसभुशीत मातीनं भरायचा, फरशी ठेवायची. निवृत्तीची बहीण बयाबाई, मग निवृत्ती, दोघांच्या मेढी त्याच खड्ड्यात उभ्या राहिल्या. चंपा रोज सकाळी त्या फरशीवर रांगोळी काढायची. आळीत काँक्रीटचा रस्ता झाला तेव्हा ती फरशीवर पाट टाकून बसली आणि म्हणाली, ओता आता माझ्यावर. कामगारांनी हात जोडले आणि फरशीच्या कडेनं काँक्रीट ओतलं.

नवीन सोसायट्या आल्या तसा मांडवाचा धंदा वाढला आणि जमिनीचं पोट भरत गेलं. पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल, आणि मग गॅस. एका सोसायटीत गणपतीचा मांडव घालायचं काम होतं. निवृत्तीचा जुना गडी नथू, हाडाचा कामसू, पण डोकं घरी ठेवून येणारा. कोपऱ्यात एक पिवळी पाटी होती, खाली गॅसची लाइन आहे, खणण्याआधी या नंबरवर फोन करा, असं ठळक अक्षरांत लिहिलेली. या दोघांनी तिच्यावर जेवणाच्या डब्यांच्या पिशव्या अडकवल्या. वाचली कुणीच नाही. नथूनं पहार मारली आणि कधीच न ऐकलेला आवाज आला. मुरमाचा नाही, मातीचा नाही, नुसता फुसकारा. पाठोपाठ सडक्या कांद्यासारखा वास.

पोरं जनरेटर सुरू करायच्या बेतात होती. निवृत्ती आयुष्यात कधी ओरडला नसेल इतक्या मोठ्यानं ओरडला. जनरेटर राहिला, विड्या राहिल्या, अख्खी सोसायटी म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट रस्त्यावर आली. गॅसवाले आले, त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. कुणाला काही झालं नाही, हे देवाचे उपकार. निवृत्ती घरी आला तो जेवला नाही. चंपानं नथूकडून सगळं काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "ती पहार इका."

त्यानं पहार विकली नाही, पण धंदा बदलला. तेलाच्या रिकाम्या पिंपात वाळू भरायची, त्यात खांब उभा करायचा, पिंपाला झालर गुंडाळायची. जिथं खड्ड्यावाचून भागतच नाही तिथं आधी फोन, गॅसवाल्यानं येऊन खूण केल्यावर काम, आणि तेही हातानं उकरून. गिऱ्हाईक कावलं तर तो सोसायटीची गोष्ट सांगायचा. ती इतक्यांदा सांगितली की आळीतली माणसं त्याला येताना बघून वाट बदलायची. चंपा मात्र पहारेचं नाव निघालं की अजून गप्प व्हायची.

मग त्यांच्या आळीतही गॅस आला. निवृत्ती तेव्हा लोणावळ्याला होता, एका हॉटेलात मोठा समारंभ, मुक्कामाचं काम. सगळं चंपानं निभावलं. परत आला तर घरात सिलिंडर नाही, शेगडीवर निळी ज्योत, आणि चंपा लहान मुलीसारखी बटण फिरवून दाखवतेय. त्याला कौतुक वाटलं. पण ठेचा मागितला तर तो मिक्सरमधून आला.

"पाटा कुटंय?"

"कामाला लावलाय," चंपा म्हणाली.

"कुनाच्या?"

"हाय एकाच्या. तुमाला काय करायचंय? जेवा."

तो पाटा तिच्या माहेरचा. तिकोणा पेठेतून लग्नात गाडीत घालून आणलेला, काळाभोर, दोघांनी उचलावा असा. टाकीवाला आळीत आला की ती त्याला बसवून घेऊन पाट्याला छिन्नीनं टाकी लावून घ्यायची, म्हणजे दगड पुन्हा खरखरीत व्हावा, आणि एकेक टवका नीट उडालाय की नाही ते बोटानं बघायची. एवढ्या जिवापाड जपलेला पाटा तिनं भावाला देऊन टाकला असणार, अशी निवृत्तीनं समजूत करून घेतली आणि तो चार दिवस फुगून बसला. ठेच्याला चव नाही, असं रोज म्हणायचा. ती हसायची.

ते हसणं फार दिवस टिकलं नाही. चंपाचं दुखणं पोटातलं निघालं आणि वाढत गेलं. दवाखान्यात, बोलणं जड झालं होतं तेव्हा तिनं त्याचा हात धरला आणि लेकीच्या, अपेक्षाच्या लग्नाचं काढलं. "अपेक्षाची मेढ आपल्या दारात रोवायची. हॉलच्या गेटावर नगं. आपल्या खड्ड्यात." तो म्हणाला, "व्हय." ती म्हणाली, "आनि ती पहार..." तो घाईघाईनं म्हणाला, "इकतो गं, इकतो. तू नगं काळजी करू." तिनं मान हलवली, पण पुढं बोलायचं त्राण नव्हतं. त्यालाही वाटलं, तिचं जुनंच टुमणं.

चंपा गेली. पहार काही त्यानं विकली नाही.

आता अपेक्षाचं लग्न ठरलं होतं, लोणावळ्याच्या मुलाशी. कार्यालय बायपासच्या बाजूला, मांडव तयार, फुलं तयार, खुर्च्यांना सुद्धा गाऊन घातलेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांचे मांडव घातलेल्या बापाला लेकीच्या लग्नात करायला एकच काम उरलं होतं, दारापुढची मेढ. चंपाला दिलेला शब्द तेवढाच होता, आणि निवृत्तीनं त्या एका मेढीत सगळा जीव ओतला होता. उंबराची फांदी त्यानं स्वतः निवडली. तासली, हळद लावली, सावलीत ठेवली.

मेढीच्या दिवशी सकाळीच बयाबाई आणि तिचे मालक दत्तोबा उर्श्याहून आले. पूजेला जोडीनं तेच बसणार होते. बयाबाई आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली आणि हात हलवत बाहेर आली.

"पाटा न्हाई घरात? पोरीची हळद काय मिक्सरात वाटायची? चंपानं असा कसा देऊन टाकला?"

"दिला तिनं. आता तिला इचारायला जाऊ का?" निवृत्ती खेकसला आणि लगेच त्याला वाईट वाटलं.

आळीतल्या सवाष्णी जमल्या. फरशीवरची रांगोळी अपेक्षानं पाण्यानं धुतली. आईमागं रोजची रांगोळी तीच काढत होती, कारखान्याच्या बसला उशीर झाला तरी. निवृत्तीनं फरशी उचलली, आत हात घालून माती काढायला लागला. माती भुसभुशीत, थंड. कोपरापर्यंत हात गेला आणि बोटं दगडाला लागली. खड्डा आधीच्यापेक्षा उथळ लागत होता. एवढ्यात मेढ तग धरणार नव्हती.

"दगूड वर आला असंल पावसानं," बयाबाई म्हणाली. "हान पहार, निघंल."

निवृत्ती उठला, भिंतीची पहार घेतली. कितीतरी दिवसांनी ती अशी हातात आली होती. हात आपोआप जुन्या जागी बसले. त्यानं पाय फाकवले, पहार वर उचलली.

"बाबा, फोन केलाय का गॅसवाल्यांना?"

अपेक्षा हळकुंडाचं तबक घेऊन उभी होती.

"अगं, नवीन खड्डा कुटं घेतोय? हा आबांचा खड्डा हाय. आनि लाइन पल्याडनं गेली. तो बघ लाइनीच्या खुणेचा पिवळा खांब, समोरच्या जोशांच्या भिंतीला."

"मग आपल्या शेगडीला गॅस कुठून येतो?"

पहार तशीच वर राहिली. निवृत्तीनं मान वळवली. दाराशेजारी भिंतीवर पिवळा पाइप जमिनीतून वर आला होता आणि खिडकीतून आत गेला होता. रोज त्याच पाइपाशेजारी तो पहार टेकवत होता. तो पाइप जमिनीत शिरून पुढं कुठं जातो, हे त्यानं एकदाही मनाला विचारलं नव्हतं. अख्ख्या तळेगावला शहाणपण शिकवलं आणि स्वतःच्या दारात हे! पिवळा खांब त्या अंगाला, पाइप या अंगाला, आणि बरोबर मधे आबांचा खड्डा.

त्यानं पहार खाली ठेवली. ठेवली म्हणजे निजवली, तान्ह्या मुलाला निजवावं तशी. मग गुडघे टेकून पुन्हा खड्ड्यात हात घातला. दगडावरून बोटं फिरवली. दगड सपाट होता. आणि सपाट दगडाला बारीक बारीक टवके होते, ओळीनं, एकाशेजारी एक. असे टवके पावसानं होत नाहीत. कातळालाही नसतात.

"बया," तो म्हणाला. "पाटा हाय गं ह्यो. चंपाचा."

"अगं बाई! मग काढ की वर! हळदीची सोय झाली!"

त्याची बोटं पाट्याच्या कडेखाली गेलीसुद्धा होती. जोर लावला असता तर पाटा हलला असता. त्यानं हात बाहेर काढला, जोशांच्या भिंतीपाशी गेला आणि खांबावरच्या नंबरला फोन लावला.

मुहूर्त दुपारपर्यंत होता, पण बयाबाईच्या तोंडाला तेवढं थांबणं कुठलं. गॅसवाल्याची मोटरसायकल आळीत शिरेपर्यंत तिनं गॅसला, फोनला, आणि भावाच्या डोक्याला जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. आला तो राजेंद्र, वडगावचा, तिशीतला माणूस. हेल्मेट काढता काढताच त्यानं घर ओळखलं.

"हे मावशींचं घर ना? लाइन टाकली तेव्हा मी हितंच होतो. कसला चहा द्यायच्या मावशी! आत आहेत का?"

अपेक्षानं मान खाली घातली. राजेंद्रला कळलं. तो हेल्मेट बाजूला ठेवून खड्ड्यापाशी बसला आणि आत वाकून बघितलं.

"आहे की अजून," तो म्हणाला.

"तुमाला ठावं होतं?" निवृत्तीनं विचारलं.

"मीच तर ठेवला, काका. मावशींच्या हुकमानं." त्यानं भिंतीवरच्या पाइपापासून समोरच्या खांबापर्यंत हवेत बोट ओढलं. "तुमच्या घरचा फाटा असा येतो, सरळ या खड्ड्याच्या खालून. आम्ही फाटा बाजूनं घेणार होतो. पण बाजूला तुमची पाण्याची लाइन निघाली. खड्डा फोडायला मावशी तयार नाहीत. शेवटी खालून पोकळी करून पाइप सरकवला आणि म्हटलं, मावशी, आता इथं कुणी पहार घालायची नाही, घरात सांगून ठेवा. तर मावशी हसायला लागल्या."

"का?"

राजेंद्र अडखळला. "म्हणाल्या, सांगीन रं बाबा, पन आमच्या मालकांना सांगून उपेग न्हाई. दुसऱ्याला शिकवतील आनि सोताच्या दारात पहारच घेऊन येतील. तू तळाला कायतरी घट्ट घाल. आता आम्हा गॅसवाल्यांकडं तेव्हा घालण्यासारखं काही नव्हतं. मग त्याच आत गेल्या आणि पाटा ओढत घेऊन आल्या. मी म्हटलं, अहो, वाटायला काय घ्याल? तर म्हणाल्या, पहार लागली की आवाज वळखतील ते."

सवाष्णींपैकी कुणीतरी पदर डोळ्याला लावला. निवृत्ती खड्ड्याच्या कडेला बसून राहिला. कामाला लावलाय, ती म्हणाली होती. आणि तो चार दिवस ठेच्यावरून फुगला होता. दवाखान्यात ती पहारेचंच सांगत होती, आणि त्यानं तिला बोलूही दिलं नाही. तो रडला, सगळ्यांसमोर, तोंड न लपवता.

बयाबाईनं भावाच्या पाठीवरून हात फिरवला. मग ती हळूच म्हणाली, "तरी पन... आज एक दीस काडला आनि मागनं ठेवला तर? लेकीची हळद हाय."

राजेंद्रनं मान हलवली. "नको मावशी. पाट्याला ढकलाढकली नको. खांबही इथं रोवू नका. वरच्या वर काय करायचं ते करा, मी आहे इथं."

निवृत्तीनं लेकीकडे बघितलं. अपेक्षानं तबक खाली ठेवलं, नवी साडी गुडघ्याशी आवरून घेतली आणि खड्ड्याच्या कडेला पालथी झाली. तिनं पाट्यावरची माती हातानं बाजूला केली, पदराच्या टोकानं पुसली, वर तांब्यातलं पाणी शिंपडलं. आणि हळकुंड घेऊन, हात खोल घालून, आईच्या पाट्यावर घासायला लागली. सवाष्णींनी मेढीचं गाणं धरलं. काळ्या दगडावर हळूहळू पिवळा रंग उतरला. तेवढी हळद बोटांवर घेऊन तिनं आधी मेढीला लावली, मग स्वतःच्या कपाळाला. उरलेली बापाच्या हाताला.

खड्डा पुन्हा भरला, हातानं, ओंजळीओंजळीनं. फरशी जागेवर गेली. निवृत्तीनं आतून एक पिंप आणलं, वाळू भरली आणि फरशीच्या शेजारी ठेवलं. पिंपाला झालर मात्र त्यानं नवी गुंडाळली, लेकीसाठी राखून ठेवलेली. मेढ उभी राहिली. दत्तोबांनी नारळ फोडला. राजेंद्रला चहा झाला, दुसऱ्यांदाही झाला. जाताना त्यानं निवृत्तीचा नंबर लिहून घेतला आणि फरशीवर पिवळी खूण करायला माणूस पाठवतो म्हणाला.

माणसं पांगली. निवृत्तीनं पिंप जरा हलवून बघितलं. मेढ किंचित डावीकडे कललेली वाटत होती. सवयीनं त्यानं पहारेकडे हात नेला, पाचर मारावी म्हणून, आणि तो तसाच थांबला.

"व्हय, व्हय," तो मोठ्यानं म्हणाला. "तितं न्हाई. कळलं."

"कुनाशी बोलतूस रं?" बयाबाईनं घरातून विचारलं.

"कुनाशी न्हाई," निवृत्ती म्हणाला. त्यानं पहार उचलली, आत नेली आणि मेढ तशीच वाकडी ठेवली.